उभी गाडी तापते? आधी पंखा बघा
हायवेवर तापमानाचा काटा मधोमध आणि सिग्नलला थांबलं की वर, असं होत असेल तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) बदलायची घाई नको. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आपसूक मिळतो, उभ्या गाडीची सगळी मदार पंख्यावर. एसी बंद ठेवून इंजिन आयडलवर तापू द्या. साधारण 95 ते 100 अंशांना पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) तपासा. मग इंजिन बंद करून, पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट द्या. फिरली, तर दोष थर्मोस्विचमध्ये (तापमान वाढलं की पंखा चालू करणारा स्विच) किंवा वायरिंगमध्ये. काही गाड्यांत विजेच्या मोटरऐवजी इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंखा असतो; तो इंजिन बंद असताना हाताने ढकलल्यावर विनाअडथळा गरगरत राहिला, तर व्हिस्कस क्लच (पंख्याला इंजिनशी जोडणारा, आत घट्ट तेल असलेला भाग) गेलाय. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बघा. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं.