दलालीची बोलणी करण्याआधीची तयारी

छत्रपती संभाजीनगरात स्वतः फिरून घर शोधणाऱ्याने दलालीचा विषय घर पाहण्याआधीच काढावा, कारण घर पसंत पडल्याचे चेहऱ्यावर दिसले आणि इसार हातातून गेला की पुढच्या बोलण्याला वजन उरत नाही. दलालीचा दर रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानेही ठरवून दिलेला नाही. म्हणून ‘दोन टक्के ही इथली पद्धतच आहे’ हे वाक्य पहिली मागणी म्हणून ऐकावे.

सर्वांत आधी एक वही करावी आणि कोणते घर कोणाकडून, कोणत्या तारखेला कळले, हे तिच्यात त्याच दिवशी लिहावे. गारखेड्यातले एक रो-हाऊस मला फाटकावरच्या पाटीवरून सापडले होते आणि मालकांशी फोनवर बोलणेही झाले होते. तरी आठवड्याने एका एजंटाने तेच घर ‘दाखवून’ पुऱ्या दलालीवर हक्क सांगितला. पाटीचा फोटो तारखेसह मोबाइलमध्ये होता, म्हणून वाद चहावरच मिटला.

त्यानंतर आकडे मांडून घ्यावेत. चाळीस लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ८०,००० रुपये, आणि एजंट जीएसटी लावणारा असल्यास १८ टक्क्यांसह ९४,४००. म्हणून ठरलेल्या रकमेत कर धरला आहे की नाही, हे तेव्हाच विचारावे. एजंटाने भाव दोन लाखांनी उतरवून दिला तर त्याची दलाली अवघी ४,००० रुपयांनी घटते, पण व्यवहार फिसकटला तर सगळीच बुडते. त्यामुळे भाव पाडण्यापेक्षा सौदा जमवण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. टक्क्यांऐवजी ठोक रक्कम ठरवावी आणि भाव उतरवल्यास थोडी वरकड द्यावी, असे माझे मत आहे.

रक्कम ठरवताना कामे मोजावीत. जुन्या खरेदीखतांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपण घेणार, वकील आपला, कर्जाची धावपळ आपली, तर उरते ती गाठ घालून देणे, आणि तिची किंमत अर्धा टक्का म्हणायला संकोच करू नये. मात्र सिडकोच्या घराची हस्तांतरणाची परवानगी किंवा सातारा-देवळाईकडील गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने विनापरवानगी विकलेल्या प्लॉटांच्या) नियमितीकरणाचा कागद मिळवण्याचे हेलपाटे एजंट खरोखर घालणार असेल, तर तिथे घासाघीस करू नये. सुट्टी काढून त्या खिडकीवर उभे राहिलेल्याला हे कळते.

नव्या प्रकल्पात एजंटाचे मानधन बहुधा बिल्डरच देतो, म्हणून आपल्याकडून वेगळे मागितल्यास कारण विचारावे आणि प्रकल्पाचा व एजंटाचा महारेरा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक पडताळावा. थेट जायचे असल्यास साइटवरच्या नोंदवहीत कोणाचेही नाव ‘मार्फत’ म्हणून लिहू नये, आणि वाचलेली दलाली भावातून वजा करा, असे स्पष्ट म्हणावे. आपण मागितल्याशिवाय कोणी ती वजा करत नाही.

ठरलेले सारे एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून एजंटाकडून ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे: घराचा पत्ता, करासह रक्कम, दलाली दोन्ही बाजूंकडून घेतली जाणार आहे का, आणि ती रजिस्ट्रीच्या दिवशीच, बँकेतून, पावतीवर दिली जाईल. इसाराच्या दिवशी ‘निम्मी आत्ता द्या’ अशी मागणी आल्यास हाच संदेश उघडून पुढे धरावा.