बीटल्सचे 'सार्जंट पेपर' कोट: शिंप्याकडून अर्धे शिवून घ्या, गोफ स्वतः लावा

चौघांनी मिळून फॅन्सी ड्रेस पार्टीला बीटल्स, म्हणजे इंग्लंडचा तो चौघांचा गाजलेला बँड, व्हायचं ठरवलं, की कोणीतरी हमखास सांगतं, "काळे सूट, बारीक टाय आणि कपाळावर केस आलेले विग. झालं काम!" हे करू नका. काळ्या सुटातल्या चौघांना प्रत्येक जण दारातच विचारतो, तुम्ही कोण झालात म्हणून. त्यापेक्षा १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमच्या कव्हरवरचे सॅटिनचे कोट घाला. दारातून आत पाऊल टाकताच ओळख पटते. असे चार-चार कोट मी आजवर सहा वेळा केलेत आणि दर वेळी मेहनत एकाच ठिकाणी लागते: छातीवरच्या गोफाला, म्हणजे आडव्या ओळींत शिवलेल्या जरीच्या दोरीला. बाकी सगळं कोणीही करू शकतं.

कव्हरवर डावीकडून जॉन लेनन लिंबासारख्या पिवळ्यात, रिंगो स्टार गुलाबीत, पॉल मॅकार्टनी निळ्यात आणि जॉर्ज हॅरिसन नारिंगीकडे झुकणाऱ्या लालमध्ये आहे. निळा सगळ्यांनाच हवा असतो. कापड आणायच्या आधी चिठ्ठ्या टाका, नंतर नको.

कापड जाड सॅटिन घ्या. साडीच्या पदरासारखं झुळझुळीत सॅटिन गोफाचं वजन पेलत नाही. ४४ इंची पन्हा असेल तर कोट आणि पँट मिळून माणशी पाच मीटर धरा.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट भाड्याने आणा. हे सुचणं साहजिक आहे, कारण दोन्हीचं मूळ एकच. पॉलच्या डोक्यात जुन्या इंग्रजी लष्करी बँडचं चित्र होतं, लंडनच्या बर्मन्स या नाटकांचे पोशाख करणाऱ्यांनी ते कोट शिवले, आणि आपल्याकडचा बँडचा गणवेशही त्याच लष्करी साच्यातून आला. पण आपल्या बँडचा कोट जाड सुती नाहीतर टेरिकॉटचा, आणि चौघांचा एकाच रंगाचा. तो घातला की वरात निघाल्यासारखं वाटतं, बीटल्स दिसत नाहीत. कोटासाठी बँडवाल्यांकडून एकच गोष्ट घ्या: त्यांच्या शिंप्याचा पत्ता. खांद्यावरच्या झालरीच्या पट्ट्या, मागे कडी असलेली पितळी बटणं आणि जरीचा गोफ कुठे मिळतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पुण्यात मी हे सगळं रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणते, मुंबईत भुलेश्वरला मिळतं.

बंदगळा शिवणारा कोणताही शिंपी हा कोट शिवेल. उभी कॉलर, लांबी कंबरेच्या बरीच खाली. त्याला फक्त एक गोष्ट बजावून सांगा, आणि दोनदा सांगा: समोरचे दोन्ही भाग कापून, आतून कॅनव्हास चिकटवून, खांदे आणि बाजू जोडून कोट परत द्यायचा. अस्तर लावायचं नाही. बटणं लावायची नाहीत.

पहिल्या वेळी मी हे सांगितलं नव्हतं. चारही कोट अस्तरासकट तयार होऊन आले आणि मी वरून गोफ शिवायला बसले. टाके अस्तरातून आरपार जायला लागले, अस्तर ओढलं गेलं, समोर चुण्या पडल्या. त्याहून वाईट म्हणजे बटणं लावून पाहिल्यावर डाव्या बाजूच्या ओळी उजव्या बाजूपेक्षा अर्धा इंच खाली. उसवायला घेतलं तेव्हा कळलं की सॅटिनवर सुईचं भोक पडलं की पडलं. इस्त्रीने जात नाही, वाफेने जात नाही. गुलाबी कोटाच्या छातीवर ठिपक्यांची एक आख्खी रांग राहिली, आणि ज्याच्या अंगावर तो होता तो संध्याकाळभर हात घडी घालून उभा राहिला. मला ते फार लागलं. म्हणून पुढचं नीट वाचा.

कव्हरचा मोठा फोटो समोर ठेवा. प्रत्येकाच्या छातीवरचं काम वेगळं आहे, चौघांना एकच नमुना चालत नाही. नमुना बटर पेपरवर फक्त एका बाजूचा काढा, आणि दुसऱ्या बाजूसाठी तोच कागद उलटा करून वापरा. दोन बाजू वेगवेगळ्या काढल्या तर त्या कधीच जुळत नाहीत.

खुणा टेबलावर करू नका. कोट ज्याचा आहे त्याच्या अंगावर चढवा, मध्यभाग टाचण्यांनी बंद करा आणि खडूने खुणा करा. सपाट टेबलावर सरळ दिसणारी ओळ पोट असलेल्या माणसावर वाकडी होते. आधी मधली ओळ आखा, मग एक वर, एक खाली असं जा. वरून खाली आखत आलात तर शेवटच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात.

आता गोफ. तो आधी वाफेवर धरा, म्हणजे जो काय आटायचा तो आधीच आटेल. इस्त्री थेट टेकवू नका, हल्लीची जर प्लॅस्टिकची असते, वितळते. ओळीवर गोफ नुसता ठेवायचा, ओढायचा नाही. हात सैल ठेवा. ओढून शिवलेला गोफ मोकळा झाला की आखडतो आणि खालचं सॅटिन गोळा करतो. आधी कच्चा टाका घाला, पण तोही गोफाच्या रुंदीच्या आतच, म्हणजे भोकं झाकली जातील. मग बारीक सुईने, गोफाच्याच रंगाच्या दोऱ्याने खालच्या बाजूने पक्का टाका. टोकं सुटू नयेत म्हणून आधी दोऱ्याने घट्ट गुंडाळा, मग टोच्याने भोक पाडून मागे ओढा आणि कॅनव्हासला टाका.

ग्लू गनचं नाव काढू नका. गरम गोंदाचा डाग सॅटिनच्या उजव्या बाजूला येतो, आणि तासभर नाचून घाम आला की गोफ सुटून लोंबायला लागतो.

एका कोटाला मला दोन संध्याकाळ लागतात. पार्टी शनिवारी आणि गोफ शुक्रवारी, असं कधीही करू नका.

गोफ झाला की कोट शिंप्याकडे परत द्या. अस्तर, बटणं, झालर तो एका दिवसात करतो.

विग लागलाच तर मानेपर्यंत येणाऱ्या केसांचा घ्या. बाजारात 'बीटल्स विग' म्हणून मिळतो तो १९६४ चा. त्या केशरचनेतले बीटल्सही कव्हरवर आहेत, पण ते मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे! मिशा मात्र चौघांनाही हव्यात. नाटकाच्या रंगभूषाकाराकडून क्रेपच्या मिशा आणि त्या चिकटवायचा स्पिरिट गम आणा, आदल्या दिवशी हातावर थोडा लावून पाहा. जॉनला गोल काचांचा चष्मा.

पॉलच्या डाव्या बाहीवर एक बिल्ला आहे, तो विसरू नका. अल्बम उघडल्यावरच्या आतल्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. त्यावर 'ओपीपी' आहे, म्हणजे ओंटारियो प्रोव्हिन्शियल पोलीस, कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचे पोलीस. पॉल मेल्याच्या अफवा उठल्या तेव्हा लोकांनी ते 'ओपीडी' वाचलं, म्हणजे 'ऑफिशियली प्रोनाउन्स्ड डेड', अधिकृतपणे मृत घोषित. मी तो फेल्टवर भरतकाम करून लावते. जाणकार माणूस पार्टीत सगळ्यात आधी तिकडेच बघतो, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

हातात वाद्यं हवीत. रिंगोला ट्रम्पेट, जॉनला फ्रेंच हॉर्न. ट्रम्पेट बँडवाले एका रात्रीसाठी देतात, हॉर्न मी पुठ्ठ्याचा करते आणि पितळी रंग मारते.

कोटाच्या आत सुती बनियन घाला, सॅटिन घाम शोषत नाही. फोटो काढताना कव्हरच्याच क्रमाने उभे राहा: पिवळा, गुलाबी, निळा, लाल. घरी आल्यावर कोट धुवायला टाकू नका. उलटे करून रात्रभर पंख्याखाली टांगा आणि सकाळी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा. गोफावर घडी येऊ देऊ नका.