झड लागली की मन कसं सावरावं

मी मूळची सोलापूरची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिकेची नोकरी लागली आणि पहिल्याच जुलैत पाऊस म्हणजे काय ते कळलं. सोलापुरात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. पहिले चार दिवस मी खिडकीपासून हटले नाही. दहाव्या दिवशी उशी ओलसर लागत होती, स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं आणि दुपारी चारलाच रडू यायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, हा तर तरणा पाऊस. अजून म्हातारा यायचाय." पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा म्हातारा. साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या दोघांचं राज्य असतं, आणि मनाला जड जातो तो हाच महिना.

त्यानंतर इथे बरेच पावसाळे काढले. जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते. आधी उजेड, मग कोरडेपणा, मग बाकीचं. मनाची समजूत घालण्यापासून सुरुवात केली तर माझ्या अनुभवात काहीच हाती लागत नाही.

१. सकाळचा अर्धा तास पडवीत

आपल्या शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळी पुरेसा उजेड मिळाला की झोप आणणारं मेलाटोनिन ओसरतं आणि अंगात तरतरी येते. झड लागली की आपण दारं-खिडक्या लावून ट्यूबच्या उजेडात वावरतो. डोळे अंधाराला सरावतात, त्यामुळे उजेड किती कमी आहे हे जाणवतही नाही. मी एकदा मोबाइलवरच्या ॲपने मोजून पाहिलं. सकाळी साडेसातला, पाऊस पडत असतानाच, पडवीच्या कडेला १,८०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड होता आणि माजघरात ४०. ॲपचे आकडे काही काटेकोर नसतात, पण एवढा फरक बघितल्यावर मी चहाची जागाच बदलली.

म्हणून उठल्यावर तासाभराच्या आत पडवीत, गॅलरीत किंवा उघड्या दाराशी बाहेर तोंड करून बसा. चहा, भाजी निवडणं, पेपर, काहीही तिथेच करा. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. पुढे थंड देशांत त्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसवतात. आपल्याला असा दिवा विकत घ्यायची सहसा गरज नाही. जुलैतला आपला दिवस १३ तासांचा असतो. ढगांआडून का होईना, बाहेर उजेड असतो.

संध्याकाळी मात्र उलट करा. अंधारून यायची वाट न बघता चारलाच घरातले दिवे लावा. वीज जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा दुपारीच भरून ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका, नाहीतर रात्री पत्र्यावरचा पाऊस ऐकत जागं राहावं लागतं.

२. एक जोड आणि एक अंथरूण कोरडं ठेवा

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण मला सर्वांत जास्त आधार याचाच वाटतो. अंगाला सतत ओल लागत असेल तर माणूस चिडचिडा होतो. सगळं घर कोरडं ठेवणं कोकणात शक्य नाही, म्हणून थोडंच ठेवायचं, पण ते अगदी कोरडं. एक सुती जोड आणि एक पंचा इस्त्री करून, पूर्ण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेरून भिजून आलात की तोच काढायचा. झोपण्याआधी चादरीवर आणि उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवा. अशा अंथरुणात शिरताना काय वाटतं, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

कपडे दोरीवर दाटीने घालू नका. दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवून पंख्याखाली वाळवा. ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

३. गरम आणि ताजं खा

भजी खाच, पण रोज नको. कुळथाचं पिठलं, ऊन ऊन भात आणि परतलेला टाकळा एवढं पोटात गेलं की बरं वाटतं. रानभाजी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, अळंबी तर नक्कीच.

४. रोज कुणाकडे तरी जा

त्या पहिल्या जुलैत काकूंनी मला घराबाहेर काढलं. "घरात बसून पाऊस सरायचा नाय, चला लावणीला," म्हणाल्या आणि इरलं पुढे केलं. गुडघाभर चिखलात उभं राहून भाताच्या चार-चार काड्या रोवताना कंबर मोडली, ओळी वाकड्या आल्या, बायका हसल्या, त्यांनी गाणी म्हटली. परत आल्यावर मी महिन्यात पहिल्यांदा सलग झोपले. तुमच्याकडे शेत नसेल तर छत्री घेऊन वीस मिनिटं चाला, पण वाटेत एका तरी दारात थांबा. फोनवर भागवू नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नका. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो.

५. हे सगळं करूनही उतरलं नाही तर

दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर पावसाला दोष देत थांबू नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटलं तर त्याच क्षणी १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

६. दिव्यांची आवस चुकवू नका

आषाढ अमावास्या ऐन झडीत येते. आदल्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं, माळ्यावरचा कंदीलसुद्धा खाली काढा. भिजवलेल्या आमसुलांनी पितळ घासा. काळपटपणा हातासरशी निघतो. अमावास्येला पाटावर मांडून सगळे एकदम लावा, गूळ घालून कणकेचे दिवे उकडा, शेजारच्या पोरांना बोलवा. वाती मात्र आठवडाभर आधी वळून कोरड्या डब्यात ठेवा. ऐनवेळी वळायला घेतल्या तर कापूस ओलसर निघतो आणि वात नुसती तडतडत राहते.