पोटाच्या जडपणावर चेनपीचा काढा कसा करावा

जेवणानंतर पोट फुगणे, मळमळणे किंवा अन्नावरची वासना उडणे अशा तक्रारींवर चिनी वैद्यकात चेनपी, म्हणजे संत्र्याची वाळवून मुरवलेली साल, शतकानुशतके वापरली जाते. ग्वांगतोंग प्रांतातील शिन्हुईची चेनपी सर्वांत नावाजलेली असून तेथे निदान तीन वर्षे मुरल्याखेरीज सालीला हे नाव मिळत नाही. नागपुरी संत्रे त्याच कुळातले असल्याने त्याची साल घरी मुरवून पाहता येते. शिन्हुईच्या मालाची सर मात्र तिला येणार नाही.

मेणाचा लेप नसलेली पिकलेली फळे धुऊन पुसावीत आणि तीन चिरा देऊन साल अशी सोलावी, की तिच्या तिन्ही पाकळ्या एका टोकाला जोडलेल्या राहतील. ताजी साल उलटताना तुटते, म्हणून ती आधी हवेशीर जागी थोडी सुकू द्यावी आणि मऊ पडल्यावर पांढरी बाजू बाहेर येईल अशी उलटून उन्हात वाळवावी. वाकवताच कट्कन मोडू लागली की ती वाळली असे समजावे.

खरी कसोटी साठवणीची आहे. उन्हातून आणलेली साल पूर्ण निवल्यावरच कोरड्या जागी भरावी आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर तिला पुन्हा ऊन दाखवावे. कोकणातल्या दमट हवेत हे विशेष जपावे. मुरताना साल काळपट तपकिरी होते, त्याने बिघडत नाही. पण बुरशीचे पांढरे किंवा हिरवट तंतू दिसले, तर झटकून वापरण्याचा मोह टाळून ती फेकून द्यावी.

काढ्यासाठी तीन ते पाच ग्रॅम साल धुऊन दहा मिनिटे भिजवावी, दोन कप पाण्यात आल्याच्या दोन चकत्यांसह मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळावी आणि गाळून जेवणानंतर कोमट प्यावी. चिनी वैद्य हिच्यासोबत बानश्या नावाचा कंदही देतात, पण तो कच्चा विषारी असल्याने घरी हात लावू नये. कोरडा खोकला असेल तर परंपरेनुसार चेनपी टाळतात. गरोदर स्त्रियांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उलटीत रक्त, काळे शौच किंवा वजनात घट दिसल्यास काढ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

काढ्यासाठी काढलेल्या सालीतला एखादा तुकडा उरला, तर ग्वांगतोंगमध्ये तो तांबड्या चवळीसारख्या बारीक दाण्यांच्या गोड खिरीत घालतात.