तडकलेली फेअरिंग जोडताना

मोटरसायकलच्या फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, तडा गेला की हात आधी सुपरग्लूकडे जातो. तिथेच निम्मं काम बिघडतं. सुपरग्लू वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि पॅनेल तर इंजिनच्या थरथरीने सतत लवत असतं. त्यामुळे जोड त्याच रेषेवर पुन्हा उकलतो. वर त्याचे अवशेष कडांवर राहिले तर नंतरचा चांगला जोडही धरत नाही, ते खरवडूनच काढावे लागतात. लागलीच घर गाठायचं असेल तर आतून चांगली चिकटपट्टी लावा, ग्लू नको.

आधी प्लास्टिक ओळखा

पॅनेल काढून उलटं करा. आतल्या बाजूला कुठेतरी प्लास्टिकच्या प्रकाराची छोटी खूण ठसवलेली असते: एबीएस (ABS), पीपी (PP) वगैरे. रंगवलेली चकचकीत पॅनेलं बहुतेक एबीएसची असतात. न रंगवलेली, हाताला मेणचट लागणारी काळी पॅनेलं बऱ्याचदा पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची. खूण सापडली नाही तर रंग नसलेला बारीक कपचा पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. दुसरी परीक्षा म्हणजे आतल्या लपलेल्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब. काही सेकंदांनी बोट लावल्यावर जागा चिकट लागली तर एबीएस, काहीच झालं नाही तर पीपी असण्याची शक्यता जास्त.

हे टाळून चालत नाही, कारण वितळवून जोडताना भरणीची कांडी त्याच प्लास्टिकची लागते. पीपीवर एबीएस वितळवलं तर ते वर नुसतं बसतं, आत मुरत नाही. नखाने उचकटलं तरी सालीसारखं निघतं.

तडा थांबवा, मग खाच पाडा

साबणाच्या पाण्याने धुऊन वंगणाचा अंश घालवा. तडा दिसतो त्याच्यापुढेही केसाएवढा गेलेला असतो. पॅनेल उजेडासमोर धरून हलकेच वाकवलं की खरं टोक दिसतं. त्या टोकावर २ ते ३ मिमीचं भोक पाडा. सगळा ताण त्या टोकावर एकवटलेला असतो. गोल भोकामुळे तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही.

आता कडा बरोबर जुळवा आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून पक्क्या करा. मग आतल्या बाजूने तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा, जाडीच्या निम्म्याहून जास्त खोल, पण आरपार नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना २ सेंमीपर्यंत ८० नंबरच्या सँडपेपरने घासून जागा खडबडीत करा.

जोड

चपट्या टोकाची ४० ते ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. आधी तड्याला आडवे, दर २ सेंमीवर छोटे टाके मारा. कडा हलत नाहीत याची खात्री झाली की कांडी आणि खाचेच्या दोन्ही भिंती एकाच वेळी वितळतील अशा बेताने खाच भरत जा. इथे घाई नडते: नुसती कांडी वितळली आणि भिंती थंडच राहिल्या तर वरून गुळगुळीत दिसणारा, आतून सुटा जोड तयार होतो. उलट प्लास्टिक तपकिरी पडलं किंवा बुडबुडे आले तर ते जळलंय. तेवढा भाग खरवडून पुन्हा भरा.

त्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची १५ ते २० मिमी रुंद पट्टी ठेवा, गरम टोकाने दाबून पॅनेलच्या जाडीत थोडी रुतवा आणि वरून प्लास्टिकचा थर द्या. जोडाला खरी ताकद ही जाळी देते. खिडक्या उघड्या ठेवा, धूर श्वासात घेऊ नका.

एबीएस असेल तर आयर्नऐवजी, किंवा वरची पातळी सारखी करायला, रबडी चालते. काचेच्या बरणीत एबीएसचे बारीक कपचे टाका, ते बुडतील इतकंच अ‍ॅसिटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. मधासारखं दाट झालं की तयार. (लेगोच्या विटाही एबीएसच्याच असतात, पण त्या मुलांना विचारूनच घ्या.) थर १ मिमीहून जाड देऊ नका आणि दोन थरांमध्ये काही तास जाऊ द्या. जाड थराची वरची साय आधी वाळते, अ‍ॅसिटोन आत कोंडतं, आणि रंग दिल्यावर काही दिवसांनी नेमकी तीच रेषा खाली बसलेली दिसते. शेवटच्या थरानंतर किमान २४ तास, जमलं तर ४८ तास हात लावू नका. अ‍ॅसिटोन रंग उतरवतं आणि भडकन पेटतं, म्हणून बरणी आणि तापलेली आयर्न एका टेबलावर नकोत.

पीपीला ही रबडी निरुपयोगी. तिथे पीपीची कांडी आणि आयर्न हाच मार्ग. साधा इपॉक्सी गोंदही पीपीवर धड टिकत नाही.

बोल्टचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो पॅनेलचा भोकाचा तुकडा, तुटला असेल तर तुकडा जोडून त्यात जाळी दोन्ही बाजूंनी रुतवा. तुकडा हरवला असेल तर जाळी कानाच्या आकारात कापून तिच्यावर थर चढवा. भोक मात्र शेवटी, पॅनेल गाडीवर धरून खूण केल्यावरच पाडा. अंदाजाने पाडलेलं भोक दोन मिमी चुकलं तरी बोल्ट कानाला ओढून धरतो.

बाहेरची बाजू सोपी आहे: १८०, ३२०, मग ६०० नंबर, प्लास्टिकसाठीचा प्रायमर, रंग. पीपीवर प्रायमरच्या आधी अ‍ॅडहीजन प्रमोटर (रंगाची पकड वाढवणारं द्रव्य) लावा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटेल.

बसवताना

तडा बहुतेक वेळा बोल्टपासून सुरू होतो. रबरी बुश कडक झालेले किंवा आतली धातूची कॉलर गहाळ असेल तर बोल्ट आवळताना प्लास्टिकच चिरडलं जातं. त्या दोन्ही वस्तू बदला. सगळे बोल्ट आधी सैल लावा, पॅनेल कुठेही ताणलेलं नाही हे बघा आणि मगच हलक्या हाताने आवळा. बोल्टवर थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात ते द्रव्य) लावू नका. एबीएसला लागलं तर त्याने बारीक तडे पडतात. ब्रेक ऑइल सांडलं तरी लगेच पाण्याने धुवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर टोकावरच्या भोकाभोवती टॉर्च मारून बघा. तिथून नवी केसरेषा निघाली असेल तर पॅनेल अजून कुठेतरी ताणलेलं आहे.