"पेशंट कसा होता?"

लॅबमध्ये लागून जेमतेम दोन महिने झाले होते. दुपारी ओपीडीत चालत आलेल्या एका पेशंटचं हिमोग्लोबिन १२.४ आलं. संध्याकाळी तो ॲडमिट झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉर्डात जाऊन, त्याला झोपेतून जेमतेम जागं करून, आडवा असतानाच मी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ११.३. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक मुख्य प्रथिन, ४.१ वरून ३.७. तासाभरात वॉर्डातून फोन: "रक्तस्राव होतोय की तुम्ही नमुना बदललाय?"

माझी तंतरली. लेबल तपासलं, कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) पुन्हा लावले, नमुना परत चालवला. आकडे तेच. शेवटी सीनिअर मॅडमकडे गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, "पेशंट कसा होता?"

"बरा होता की."

"तब्येत नाही विचारत रे. झोपलेला होता की बसलेला?"

मग त्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनवर बोट ठेवलं. दोन्ही जवळजवळ कालचेच. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त ओढलं असतं तर हेही पातळ झाले असते. इथे घसरल्या होत्या त्या फक्त पेशी आणि प्रथिनं. रिपोर्ट असा वाचायचा असतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, मी तेव्हा मागच्या बाकावर असेन.

गोष्ट पाण्याची आहे. माणूस उभा राहिला की पायांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि केशवाहिन्यांतून पाणी, त्यात विरघळलेल्या बारीक कणांसकट, बाहेरच्या ऊतींमध्ये झिरपतं. पेशी आणि प्रथिनं मोठी, ती आतच राहतात. प्रौढ माणसाच्या रक्ताचं आकारमान असं साधारण १० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्तच. मशीन मोजतं ते प्रमाण, त्यामुळे पाणी घटलं की आकडा चढतो. अल्ब्युमिन, एकूण प्रथिनं, कोलेस्टेरॉल, लिव्हरची एन्झाइम्स, हिमोग्लोबिन, सगळेच. कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिनला चिकटून असतो, म्हणून एकूण कॅल्शियमही वर जातं. आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मात्र फारसं हलत नाही. सोडियम, ग्लुकोज, युरिया हे पाण्याबरोबरच जातात, म्हणून शांत.

नव्यांनी लक्षात ठेवावी अशी मेख वेळेत आहे. उभं राहिल्यावर बदल व्हायला दहाएक मिनिटं लागतात, पण आडवं झाल्यावर पाणी परत यायला अर्धा तास जातो. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून लगेच सुई टोचली, तर तुम्ही बसलेल्या नव्हे, चालत्या माणसाचं रक्त घेतलेलं असतं. युरोपातल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लॅब संघटनांनी २०१८ मध्ये मिळून दिलेली शिफारस १५ मिनिटं बसवून ठेवण्याची आहे. सकाळच्या रांगेत ते जमवताना नाकी नऊ येतात, मान्य. माझी युक्ती साधी: फॉर्म आणि बिल झालं की लगेच बसवायचं, आणि नाव पुकारल्यावर उठून दुसऱ्या खोलीत यावं लागणार नाही अशी खुर्ची मांडायची. दंडाचा पट्टाही मिनिटाच्या आत सोडायचा. नाहीतर तेच पाणी तिथल्या तिथे बाहेर ढकललं जातं.

झोपवून घेतलेलं रक्त म्हणजे चांगलं, असंही धरू नका. मेटानेफ्रिनच्या (ॲड्रेनलिनसारख्या हार्मोन्सपासून बनणारे पदार्थ) तपासणीसाठी पेशंट २० ते ३० मिनिटं आडवा हवा, आणि रक्तही आडवं असतानाच घ्यायचं. अल्डोस्टेरॉन-रेनिनच्या (मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळणारे दोन घटक) गुणोत्तरासाठी नेमकं उलटं: सकाळी उठून किमान दोन तास हिंडता-फिरता, मग ५ ते १५ मिनिटं बसलेला. एकदा मी या दोघांची अदलाबदल केली होती. पेशंटला परत बोलवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा टोचताना त्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही.

आणि दर वेळी खापर झोपण्या-बसण्यावर फोडू नका. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने उतरलं तर विचारा, तीन ग्रॅमने उतरलं तर आधी डॉक्टरांना फोन करा.

त्या पेशंटला मॅडमच्या सांगण्यावरून दुपारी खुर्चीत बसवलं, घड्याळ लावून १५ मिनिटं थांबलो आणि पुन्हा रक्त घेतलं. १२.१. वॉर्डात फोन मीच केला. तेव्हापासून नळीवर वेळेच्या शेजारी एक अक्षर लिहितो: 'झो' किंवा 'ब'.