रीफ टँक तापतोय? नुसता फॅन लावून मोकळं होऊ नका, या चुका टाळा

घरात रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्यांपैकी एप्रिल लागला की कोणी ना कोणी विचारतंच, दादा टँक 31 डिग्रीला गेलाय काय करू, आणि उत्तर ठरलेलं, पाण्यावर फॅन लाव. फॅन लावणं चूक नाहीये. पण ऐरोलीत खाडीच्या वाऱ्यात राहून मी दोन उन्हाळे फक्त फॅनच्या भरवशावर काढले आणि तिसऱ्याला टँकमधले निम्मे जीव गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फॅन पाण्याची वाफ करून ते उडवतो आणि उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं, एवढीच त्याची जादू. एक लिटर उडालं की विजेच्या साधारण दोन तृतीयांश युनिटएवढी उष्णता गेली, म्हणजे काही कमी नाही. पण हवा कोरडी पाहिजे ना! मार्चमध्ये ते पूर्वेकडचं गरम कोरडं वारं सुटतं तेव्हा बाहेर 38 असताना माझा टँक एका क्लिप फॅनवर 26.5 ला निवांत होता. मेच्या शेवटी बाहेर जेमतेम 33, पण सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच, तर तोच टँक, तोच फॅन आणि आकडा 30 च्या वर. 33 डिग्री आणि 70 टक्के दमटपणा असला की नुसत्या वाऱ्याने पाणी 28 च्या खाली जाऊच शकत नाही, वर पंप आणि लाइटची उष्णता वेगळी. दोनाचे चार फॅन करून हे बदलत नाही, मी करून बघितलंय.

आणि यातली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ऊन नको म्हणून खिडक्या, दार, पडदे सगळं बंद करून आत फॅन चालू ठेवायचा. उडालेलं पाणी जाणार कुठे, त्याच खोलीत साचतं, दुपारपर्यंत खोलीची वाफेची पेटी होते. एकतर खिडकी उघडी ठेवून एक्झॉस्ट चालवा नाहीतर खोलीत एसी 27-28 वर लावा. एसी हवा कोरडी करतो त्यामुळे एसी अधिक फॅन ही जोडी आपल्याकडे भारी चालते, एसी 22 वर न्यायची गरजच पडत नाही.

आता माझी फजिती. मे महिन्यात चार दिवस गावी गेलो, जाताना फॅन चालू, टॉप-अपचा फ्लोट (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा तरंगता स्विच) अडकलाय हे बघितलंच नाही. 200 लिटरमधून रोज तीनेक लिटर उडतं. परत आलो तर संपची (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीची) पातळी चार बोटं खाली, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा वाढून 1.028, झेनिया या मऊ कोरलचे हात उघडमीट करायचे थांबून लोंबकळलेले आणि क्लाउन माशांची जोडी संपमधून पाणी परत येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी धापा टाकत. पाणी उडतं, मीठ जागेवरच राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही. मी घाबरून एका दमात 12 लिटर ओतलं, ती दुसरी चूक, हे दीड-दोन दिवसांत हळूहळू करायचं. झेनिया वाचली नाही. आणि हो, किचनच्या प्युरिफायरचं पाणी चालत नाही, त्यात चवीसाठी मिनरल परत घातलेले असतात बऱ्याचदा.

बर्फाच्या बाटल्या? 200 लिटरला एक लिटरची गोठवलेली बाटली फार तर अर्धा डिग्री उतरवते आणि तासाभरात परत तेच. दिवसभर बाटल्यांवर बाटल्या टाकून 30, 28, 30, 28 असा झोपाळा करण्यापेक्षा स्थिर 28 परवडलं. इमर्जन्सीला ठीक, पण सीलबंद बाटली, नळाच्या पाण्याचे क्यूब थेट टँकमध्ये नकोत.

चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं मशीन, घेतला की सुटलो असं वाटतं. माझ्या एका मित्राने घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये चिलर टँकखालच्या कॅबिनेटमध्ये ठेवला, दार लावलं, दिसायला छान! चिलर पाण्यातली उष्णता काढून बाहेरच फेकतो ना, ती कॅबिनेटमध्ये कोंडली, शेजारच्या संपलाच परत तापवत बसला आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. मागे वीतभर मोकळी जागा ठेवा, जाळीवरची धूळ ब्रशने काढा, सेटिंग 26 ठेवा, 24 चा हट्ट कशाला. हीटरचा प्लग उन्हाळ्यात सरळ काढून ठेवा, थर्मोस्टॅट अडकला तर हीटर आणि चिलर एकमेकांशी भांडत बसतात आणि बिल आपल्याला.

लाइट जाणं हा वेगळा विषय. तेव्हा लोक आधी तापमान बघतात, पण मासे आधी ऑक्सिजनने जातात, कारण गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवाला एअर पंप चार्ज करून ठेवा, झाकण काढा, त्या दिवशी खाणं बंद.

कोरल पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, आतलं शैवाल बाहेर टाकलेलं असतं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 ला समुद्र तापून हेच झालं होतं. उष्णता आणि प्रकाश दोन्ही मिळून मारतात, म्हणून लाइटची तीव्रता निम्मी करा, लाइटची वेळ संध्याकाळी 5 नंतर ढकला आणि तापमान सावकाश उतरवा, एका दिवसात एक-दीड डिग्री पुरे. माझं लेदर कोरल जूनभर कागदासारखं पांढरं होतं, मी टाकून देणार होतो, बायको म्हणाली राहू दे कोपऱ्यात. गणपतीच्या सुमाराला देठापासून तपकिरी व्हायला लागलं.